पाणी धरणारे जाळे: हायड्रोजेल कसा घडतो आणि कसा प्रतिसाद देतो

भाजलेल्या जखमेवर ठेवायची एक पारदर्शक पट्टी असते. जाडी तीन-चार मिलिमीटर, हाताला थंड, वाकवली तर सहज वाकणारी. वजनाच्या हिशेबाने तिच्यात सुमारे नऊ-दशांश पाणी असते. तरीही ती उभी धरली तर पाणी ओघळत नाही. उरलेल्या एक-दशांश घन पदार्थाने आपल्या नऊपट पाणी जागच्या जागी थोपवून धरलेले असते. अशा पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात.

अशी पट्टी गॅमा किरण किंवा इलेक्ट्रॉन वापरून बनवण्याचे तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने भारतात विकसित केले आणि उत्पादकांना दिले. या कामाला लागणारी बरीचशी यंत्रणा ठाणे खाडीच्या दोन काठांवर आहे. पश्चिमेला ट्रॉम्बे. तिथल्या ‘आयसोमेड’ या केंद्रात १९७४पासून वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात. पूर्वेला वाशी. १९८९ साली स्थापन झालेल्या ‘ब्रिट’चे, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या प्रारण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे, मुख्यालय तिथे आहे. मसाल्यांवर प्रारणाची प्रक्रिया करणारा त्यांचा प्रकल्प वाशीत २००० साली सुरू झाला. आणखी पुढे खारघरला भाभा केंद्राचे इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. नवी मुंबईतून रोज ये-जा करणाऱ्या हजारो लोकांना या इमारती बाहेरून माहीत असतात. आत चालणाऱ्या कामाचे शास्त्र मात्र फारसे सांगितले जात नाही. ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवातीलाच एक सूत्र लक्षात ठेवू. हायड्रोजेलची सगळी करामत त्याच्या आतल्या तोलात असते. फुगवणारी शक्ती एकीकडे आणि आवळणारी शक्ती दुसरीकडे. हा तोल स्थिर ठेवला की जखमेची पट्टी तयार होते. तोच तोल ढळण्याच्या काठावर आणून ठेवला की तापमान, आम्लता किंवा क्षार यांना प्रतिसाद देणारा जेल तयार होतो, ज्याला आजकाल ‘स्मार्ट’ म्हणतात.

पाणी आत कसे राहते

पट्टीतला मुख्य घटक पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, थोडक्यात पीव्हीए. हा पांढऱ्या भुकटीसारखा पॉलिमर कापडाच्या धाग्यांना खळ देण्यासाठी आणि डिंकांमध्ये वापरला जातो. त्याचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबलचक साखळी. साखळीवर एक कार्बन सोडून दुसऱ्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, लटकलेला असतो. पाण्याचे रेणू या गटांशी हायड्रोजन बंध करतात. म्हणून पीव्हीए पाण्यात विरघळतो.

मात्र नुसता विरघळून उपयोग नाही. विरघळलेल्या साखळ्या एकमेकींपासून मोकळ्या असतात आणि द्रावण वाहते. या साखळ्या जागोजागी एकमेकींना कायमच्या जोडल्या, तर चित्र पालटते. सगळा पदार्थ एकसंध जाळे होतो. आता पाणी आत शिरते, साखळ्यांना दूर सारते, पण त्या सुट्या होऊ शकत नाहीत. पदार्थ विरघळण्याऐवजी फुगतो. साखळ्यांना जोडणाऱ्या या दुव्यांना आपण गाठी म्हणू.

फुगणे कुठे थांबते? इथे एक रस्सीखेच चालू असते. एका बाजूला पाण्याची आत शिरण्याची ओढ. जाळ्यातले पाणी आणि बाहेरचे शुद्ध पाणी यांच्यात फरक आहे तोवर पाणी आत येत राहते. याला परासरण म्हणतात. दुसऱ्या बाजूला साखळ्यांचा ताण. लांब साखळीला वेटोळे घालून राहण्याचे असंख्य मार्ग असतात, ताणून सरळ राहण्याचे थोडे. म्हणून ताणलेली साखळी पुन्हा आखडू पाहते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की दोर स्थिर होतो आणि फुगणे थांबते. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ साली हा हिशेब समीकरणात मांडला. फ्लोरींना पुढे १९७४चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या हिशेबातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. गाठी जास्त, तर दोन गाठींमधली साखळी आखूड. ती लवकर ताणली जाते, जेल कमी फुगतो आणि कडक होतो. गाठी कमी, तर जेल भरपूर फुगतो, पण लिबलिबीत होतो आणि उचलताना फाटतो. जेल बनवणाऱ्याचे निम्मे कसब गाठींची संख्या नेमकी राखण्यात आहे.

हायड्रोजेल लोकांच्या रोजच्या वापरात आणण्याचे मोठे श्रेय चेकोस्लोव्हाकियाचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांना जाते. त्यांनी द्राहोस्लाव लिम यांच्यासह १९६० साली ‘नेचर’मध्ये पाणी धरणाऱ्या पॉलिमरचा वैद्यकीय उपयोग मांडला. त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. १९६१च्या नाताळात त्यांनी मुलांच्या ‘मर्कूर’ या जोडखेळाच्या सुट्या भागांतून घरीच यंत्र उभारून पहिल्या काही लेन्स ओतल्या.

किरण गाठ कशी बांधतात

गाठी बांधण्याची नेहमीची पद्धत रासायनिक असते. साखळ्या जोडणारे एखादे रसायन घालायचे, अभिक्रिया सुरू करणारे दुसरे घालायचे आणि गरम करायचे. यात एक अडचण राहते. न वापरली गेलेली रसायने जेलमध्ये उरतात. उघड्या जखमेवर ठेवायच्या वस्तूत ती चालत नाहीत. त्यामुळे धुणे आले, तपासणे आले आणि शेवटी वेगळे निर्जंतुकीकरण आले.

पोलंडमधील वुच शहरात यानुश रोसियाक यांनी १९८०च्या दशकात वेगळा मार्ग दाखवला. पॉलिमर, पाणी आणि आगर एवढेच घ्यायचे, साच्यात ओतायचे, पाकीट हवाबंद करायचे आणि बंद पाकिटावर प्रारणाचा मारा करायचा. जाळे तयार होते आणि जंतूही मरतात. दोन्ही कामे एकाच टप्प्यात होतात. भारतात याच वाटेने पीव्हीए वापरून पट्टी तयार झाली. ती बनवण्याचा क्रम असा:

पहिला टप्पा, द्रावण. पीव्हीएची भुकटी गरम पाण्यात विरघळवतात. त्यात आगर किंवा कॅरॅगीनन थोड्या प्रमाणात मिसळतात. हे दोन्ही समुद्री शेवाळापासून मिळतात. आगर म्हणजे स्वयंपाकघरातले चायना ग्रास.

दुसरा टप्पा, ओतणे. गरम द्रावण उथळ साच्यात ओततात. निवताना आगरच्या साखळ्या एकमेकींभोवती पिळे घेतात आणि द्रावण थिजते. पीव्हीएच्या साखळ्या अजून मोकळ्याच असतात, पण आगरमुळे पट्टीला आकार आलेला असतो. या शेवाळजन्य पदार्थांचे काम नेमके काय, यावर ‘ब्रिट’मधील ललित वार्ष्णेय यांनी २००७ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

तिसरा टप्पा, पाकीट बंद करणे. पुढे पट्टीला हात लागणार नाही आणि पाणी उडून जाणार नाही, म्हणून आधीच सील.

चौथा टप्पा, प्रारण. गॅमा किरणांसाठी कोबाल्ट-६० वापरतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे आणि त्याच्या प्रत्येक विघटनात १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण निघतात. दुसरा पर्याय इलेक्ट्रॉन त्वरकाचा. इथे विजेच्या बळावर इलेक्ट्रॉनना वेग देऊन त्यांचा झोत पट्टीवरून फिरवतात. गॅमा किरण खोलवर जातात, पण मात्रा पुरी व्हायला तास लागतात. इलेक्ट्रॉनचे काम सेकंदांत होते, पण पोच मर्यादित. वाशीच्या संकुलातील २ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या त्वरकातले इलेक्ट्रॉन पाण्यात सुमारे एक सेंटिमीटर जातात. खारघरच्या १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या त्वरकातले सुमारे पाच सेंटिमीटर. तीन-चार मिलिमीटरच्या पट्टीला दोन्ही पुरेसे आहेत.

आता पट्टीच्या आत काय घडते ते पाहू. पट्टीत बहुतांश पाणीच असल्याने किरणांची बहुतेक ऊर्जा पाण्याचे रेणू घेतात आणि फुटतात. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. मूलक म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा राहिलेला, त्यामुळे अतिशय तडफदार असलेला तुकडा. हा मूलक जवळच्या पीव्हीए साखळीवरून एक हायड्रोजन अणू हिसकावून घेतो आणि स्वतः पुन्हा पाणी होतो. हायड्रोजन गमावलेल्या जागी साखळीवर एक सुटा इलेक्ट्रॉन उरतो. शेजारच्या साखळीवरही अशीच जागा तयार झालेली असते. दोन्ही जागा समोरासमोर आल्या की कार्बन-कार्बन बंध जुळतो. हीच गाठ. बाहेरून कोणतेही रसायन आलेले नसते. पट्टीतल्या पाण्यानेच गाठी बांधायचे काम केलेले असते.

ऑक्सिजन मात्र यात खोडा घालतो. सुट्या जागेवर ऑक्सिजनचा रेणू येऊन बसला तर गाठ बसण्याऐवजी साखळी तुटू शकते. आगरसारख्या शर्करायुक्त साखळ्या तर प्रारणाने बहुधा तुटतातच. एकाच पाकिटात पीव्हीए जुळत असतो आणि आगर काही प्रमाणात तुटत असतो. म्हणून घटकांचे प्रमाण, द्रावणाची दाटी आणि प्रारणाची मात्रा ही तिन्ही एकमेकांना धरून ठरवावी लागतात.

मात्रा किती? वैद्यकीय वस्तूंच्या निर्जंतुकीकरणाची प्रस्थापित मात्रा २५ किलोग्रे, म्हणजे दर किलोग्रॅमला २५ हजार ज्यूल. माणसाच्या सर्व शरीराला चार-पाच ग्रे मात्रा एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर ती प्राणघातक ठरू शकते. पट्टीला त्याच्या सुमारे पाच हजार पट मात्रा मिळते. जंतू टिकत नाहीत ते यामुळे. तरी उष्णतेच्या भाषेत ही ऊर्जा थोडीच आहे. तेवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान फार तर सहा अंशांनी वाढेल. म्हणून वाफेच्या निर्जंतुकीकरणात जो जेल वितळला असता, तो इथे शाबूत राहतो.

वाचकांच्या मनात येणारी शंका रास्त आहे: पट्टी किरणोत्सारी होते का? नाही. पदार्थ किरणोत्सारी व्हायला त्याच्या अणुगर्भात बदल व्हावा लागतो. कोबाल्ट-६०चे गॅमा किरण आणि या त्वरकांतले इलेक्ट्रॉन ठरवून दिलेल्या ऊर्जेच्या मर्यादेत असतात. ते इलेक्ट्रॉनांची उलथापालथ करतात, अणुगर्भाला हात लावत नाहीत.

जखमेवर पट्टी काय करते

जखम कोरडी ठेवावी ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले की ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा कोरड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने पसरते. खपली धरली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढावी लागते. ओलाव्यात त्या सरळ पृष्ठभागावरून सरकतात.

हायड्रोजेलची पट्टी हा ओलावा देते. भाजलेल्या जागेची उष्णता तिच्यातले पाणी शोषून घेते, म्हणून लगेच गार वाटते. जखमेतला थोडा स्राव ती आत ओढते. जाळ्याची छिद्रे काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत असतात. जिवाणूचा आकार साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे हजार नॅनोमीटर. त्यामुळे पाण्याची वाफ आरपार जाते, जिवाणू जात नाही. पट्टी पारदर्शक असल्याने जखम न उघडता पाहता येते. आणि सर्वांत मोठा दिलासा म्हणजे ती जखमेला चिकटत नाही. वाळलेली कापडी पट्टी ओढून काढताना कोवळी त्वचा सोलली जाते आणि रुग्ण कळवळतो. भाजलेल्या लहान मुलाची पट्टी बदलताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही सोय किती मोठी आहे हे सांगावे लागणार नाही.

मर्यादाही आहेत. जखमेतून फार स्राव येत असेल तर आधीच पाण्याने भरलेली पट्टी तो पुरेसा शोषू शकत नाही. खोल संसर्ग असलेली जखम, मधुमेही पायाचा व्रण, मोठे भाजणे यांत काय वापरायचे हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे. पाकीट गोठू द्यायचे नाही आणि फोडल्यावर ठेवून द्यायचे नाही. गोठले तर बर्फाचे स्फटिक जाळ्याची रचना बदलतात. उघडे राहिले तर पाणी उडते.

तोल काठावर आणला की

जखमेच्या पट्टीत तोल स्थिर हवा असतो. आता उलट विचार करू. बाहेरच्या छोट्याशा बदलाने तोल एकदम ढळावा, असे जाळे विणता येईल का?

तोयोइची तानाका यांनी १९७८ साली अमेरिकेतील एमआयटीत याचे ठळक उत्तर दिले. त्यांनी पॉलिॲक्रिलामाइडचे जेल ॲसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणात ठेवले आणि मिश्रणाचे प्रमाण हळूहळू बदलले. काही जेल सावकाश आकसले. काहींनी मात्र एका ठरावीक टप्प्यावर एकदम उडी घेतली. पुढच्या प्रयोगांत तर जेलच्या घनफळात शेकडो पटींचा फरक दिसला. ही उडी जाळ्यावरच्या विद्युतभारांमुळे येते हे त्यातून स्पष्ट झाले.

विद्युतभार काय करतात ते नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा साखळीवर कार्बोक्झिलिक आम्लाचे गट आहेत. पाणी पुरेसे आम्ल असेल तर हे गट आपला हायड्रोजन धरून ठेवतात, त्यांच्यावर भार नसतो. आम्लता कमी झाली, म्हणजे पीएच साधारण साडेचार-पाचच्या वर गेला, की हायड्रोजन सुटतो आणि साखळीवर ऋण भार उरतो. या ऋण भारांना तोलायला सोडियमसारखे धन आयन जाळ्यात थांबतात. साखळी जागेवर बांधलेली असल्याने हे आयनही बाहेर निघून जाऊ शकत नाहीत. आत आयनांची दाटी, बाहेर विरळ पाणी. हा फरक कमी करायला पाणी आत धावते. जेल भराभर फुगतो.

लहान मुलांच्या डायपरमधली पांढरी भुकटी हेच करते. ती म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट. शुद्ध पाणी ती आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषते. पण पाण्यात मीठ असेल तर बाहेरही आयन असतात, आतला-बाहेरचा फरक घटतो आणि शोषण एकदम खाली येते. लघवीइतके खारट पाणी मात्र ती वजनाच्या काही दशपटच शोषते. क्षाराला दिला जाणारा हा प्रतिसाद शेतीसाठीही महत्त्वाचा आहे.

तापमानाला प्रतिसाद

पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड या लांब नावाच्या पॉलिमरला संशोधक ‘पीनिपॅम’ म्हणतात. साखर, मीठ बहुतेक वेळा गरम पाण्यात जास्त विरघळतात. हा पॉलिमर उलटा वागतो. थंड पाण्यात विरघळतो आणि सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेला की पाण्यातून बाहेर पडतो. हेस्किन्स आणि गिये यांनी १९६८ साली हे वर्तन नोंदवले.

कारण साखळीच्या दुहेरी स्वभावात आहे. तिच्यावर एक गट पाण्याशी बंध करणारा आणि त्याला जोडून एक तेलकट, पाण्याला टाळणारा. थंड असताना पाण्याचे रेणू तेलकट गटाभोवती शिस्तीत उभे राहून त्याला सामावून घेतात. तापमान वाढले की ही शिस्त टिकवणे पाण्याला परवडत नाही. रेणू सुटे होतात, तेलकट गट एकमेकांना चिकटतात, साखळी गोळा होते. जाळे असेल तर ते आकसते आणि आतले पाणी बाहेर टाकते. पारदर्शक जेल पांढरा पडतो. थंड केला की पुन्हा फुगतो.

भाभा केंद्रातील सुनील सभरवाल, वाय. के. भारद्वाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पॉलिमरचे तापमानाला प्रतिसाद देणारे जेल इलेक्ट्रॉन किरणांनी गाठी बांधून तयार केले आणि त्यांच्या फुगण्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. म्हणजे जखमेच्या पट्टीत गाठ बांधणारी कृती इथे तशीच आहे. बदललेली आहे फक्त साखळी.

३२ अंश ही संख्या शरीराच्या ३७ अंशांच्या खाली आणि घरातल्या तापमानाच्या वर पडते. साखळीत पाणी आवडणारे आणखी गट मिसळले तर ती वर सरकवता येते. इथूनच उपयोगाची वाट निघते. जपानचे तेरुओ ओकानो यांनी पेशी वाढवण्याच्या बशीवर या पॉलिमरचा अतिशय पातळ थर इलेक्ट्रॉन किरणांनी बसवला. ३७ अंशांवर थर आकसलेला असतो, पेशी त्यावर चिकटून वाढतात आणि सलग पापुद्रा बनतो. बशी २० अंशांपर्यंत थंड केली की थर पाणी पितो, फुगतो आणि पापुद्रा अलगद सुटतो. एरवी पेशी सोडवायला प्रथिने तोडणारे एन्झाइम वापरावे लागते आणि त्यात पेशींमधले दुवेही तुटतात. अशा पापुद्र्यांनी डोळ्याच्या बुबुळाचा पृष्ठभाग दुरुस्त केल्याचे काम २००४ साली जपानमधून प्रसिद्ध झाले.

आकार आणि वेळ

स्मार्ट जेलबद्दल बोलताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते: प्रतिसादाला लागणारा वेळ. जेल फुगण्यासाठी पाण्याला जाळ्यातून वाट काढावी लागते आणि जाळ्यालाही पाण्यातून सरकावे लागते. हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहापट केली तर वेळ शंभरपट. एक मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीला तोल साधायला काही तास लागू शकतात, तर एक मायक्रोमीटरच्या कणाला सेकंदापेक्षाही कमी. म्हणून चपळ प्रतिसाद हवा असेल तर जेल बारीक कणांच्या किंवा पातळ थराच्या रूपात वापरतात. ओकानोंचा थर नॅनोमीटरमध्ये मोजला जातो तो उगाच नाही.

आपल्या आसपासचे प्रतिसाद

असे पॉलिमर प्रयोगशाळेतच आहेत असे नाही. आम्लपित्तावरच्या पँटोप्राझोलसारख्या गोळीवर एक लेप असतो. त्या लेपाच्या साखळीवर कार्बोक्झिलिक आम्लाचे गट असतात. जठरात पीएच एक ते तीनच्या आसपास, तिथे गटांवर भार नसतो आणि लेप टिकून राहतो. लहान आतड्यात पीएच साडेपाचच्या पुढे जातो, गटांवर भार येतो, लेप विरघळतो आणि औषध बाहेर पडते. औषध जठरातल्या आम्लात नष्ट होऊ नये म्हणून ही व्यवस्था. अशी गोळी फोडून किंवा चावून का घ्यायची नाही, याचे उत्तरही यातच आहे.

काचबिंदूच्या काही थेंबांत गेलन नावाचा पॉलिमर असतो. बाटलीत तो पातळ असतो, डोळ्यात अश्रूंतले आयन भेटले की दाटतो. त्यामुळे औषध वाहून न जाता अधिक वेळ टिकते.

शेतीत पाणी धरणारे जेल मातीत मिसळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून ‘जलशक्ती’ नावाचा असा पदार्थ १९८०च्या दशकात पुढे आला आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ विकसित केला. पाऊस किंवा पाणी मिळाले की कण फुगतात, माती वाळू लागली की मुळांना पाणी सोडतात. पण वर पाहिलेला मिठाचा नियम इथेही लागू आहे. बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असेल तर शोषण घटते. कॅल्शियमसारखे दोन भारांचे आयन तर दोन साखळ्यांना धरून जादा गाठी बांधतात आणि जेल आखडतो. म्हणून पाकिटावरचा शुद्ध पाण्याचा आकडा पाहून खरेदी करू नये. आपल्या विहिरीचे पाणी बादलीत घेऊन त्यात चमचाभर जेल फुगवून पाहावे.

पुण्याच्याच प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि श्यानी वर्गीस यांनी जेलच्या आणखी एका गुणावर काम केले. त्यांनी साखळीवर लांब, लवचीक हात असलेले गट बसवले. जेल कापला आणि तांब्याच्या आयनांच्या सान्निध्यात कापलेली तोंडे एकत्र ठेवली, तर ती जुळून आली. हे काम २००६ साली प्रसिद्ध झाले. २०१२ साली वर्गीस यांच्या अमेरिकेतील गटाने माशेलकर आणि लेले यांच्यासह दाखवले की आम्ल पाण्यात असे जेल काही सेकंदांत जुळतात आणि आम्लता घालवली की पुन्हा सुटतात. हाताची लांबी योग्य हवी. फार आखूड असेल तर समोरच्या साखळीपर्यंत पोचत नाही, फार लांब असेल तर आपल्यातच गुंतून पडतो. इथेही प्रश्न पुन्हा तोलाचाच.

दावा ऐकताना काय विचारावे

‘स्मार्ट’ हा शब्द आज औषधांपासून खतांपर्यंत सगळीकडे चिकटवला जातो. त्याचे दडपण घेऊ नये. चार प्रश्न विचारले की चित्र स्वच्छ होते. जेल कशाला प्रतिसाद देतो आणि नेमक्या कोणत्या आकड्याला? त्याला किती वेळ लागतो? किती वेळा फुगून-आकसून टिकतो? आणि वापरण्याच्या जागी असलेल्या क्षारांत, आम्लतेत, उष्णतेत तसाच वागतो का? ज्या उत्पादनाला या प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत, त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

शाळा-कॉलेजांत हे शास्त्र एका तासिकेत दाखवता येते. नव्या डायपरचा आतला कापूस झटकून थोडी भुकटी काढा. काचेच्या पेल्यात चिमूटभर भुकटीवर शुद्धीकरण यंत्राचे पाणी थोडे थोडे घाला आणि किती मावते ते मोजा. मग वरून चमचाभर मीठ टाकून ढवळा. काही मिनिटांत घट्ट जेल सैल पडतो आणि पाणी सुटते. भुकटी डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका आणि जेल मोरीत ओतू नका, नळी तुंबते. दुसऱ्या पेल्यात मिठाऐवजी पाटीवरच्या खडूचा चुरा आणि व्हिनेगर यांचे निवळलेले, कॅल्शियमचे आयन असलेले मिश्रण घालून फरक पाहा. पाणी का सुटले हे विद्यार्थ्याला आयनांच्या भाषेत सांगता आले, की डायपर, शेतातला जेल आणि आतड्यात विरघळणारी गोळी ही तिन्ही त्याला एकाच नियमाने उलगडून सांगता येतील. नवी मुंबईतल्या शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. त्यांच्या शहरातच या विषयावर काम करणारे शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोचणारा प्रश्न असाच एखाद्या पेल्यातून निघतो.